आस्थापनेच्या रकान्याबाहेरची माणसं

फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकांची अंदाजपत्रकं मांडली जातात आणि एक बातमी हमखास छापून येते: आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-पेन्शनचा खर्च वाढला, विकासकामांना पैसा उरला नाही. गाव बदलतं, टक्केवारी बदलते, मजकूर तोच. मग घरी आलेला पाहुणाही चहा घेता घेता तेच बोलतो. "एवढाले पगार, वर पेन्शन, दिवाळीला बोनस. युनियनवाल्यांनी पालिका खाल्ली हो."

मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. पगारबिलं केली, अंदाजपत्रकाचे तक्ते भरले, संघटनेची वर्गणी भरली आणि संप झाला तेव्हा मांडवातही बसले. त्यामुळे "युनियननं पालिका खाल्ली" हे ऐकलं की मला राग येतो. पण आमच्या संघटनांची भाषणं ऐकूनही माझं समाधान होत नाही. पालिका संघटनांमुळे बुडाल्या नाहीत, हे मी आकड्यांवरून सांगू शकते. संघटनांनी मात्र आपल्या कामाचा मोठा भाग वाऱ्यावर सोडला, हेही मला त्याच आकड्यांत दिसलं.

आधी उत्पन्नाचं बोलू, कारण या वादात जमेच्या बाजूकडे कुणी बघतच नाही. 1 मे 1999 पर्यंत नगरपालिकांकडे जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर होता. नाक्यावर रोख जमा व्हायची आणि तिचा रोजच्या रोज भरणा व्हायचा. जकात चांगला कर होता असं मी म्हणणार नाही. ट्रकच्या रांगा लागायच्या आणि पावतीशिवाय किती माल आत यायचा, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. पण तो पालिकेचा स्वतःचा कर होता. तो गेला आणि त्याच्या जागी शासनाचं सहाय्यक अनुदान आलं. तेव्हापासून लहान गावच्या नगरपालिकेत पगार कधी होणार, हे मुंबईतून अनुदानाचा हप्ता कधी सुटतो यावर ठरू लागलं.

ते दिवस मला चांगले आठवतात. महिना उलटला की आरोग्य विभागाचे मुकादम जिना चढून वर यायचे आणि दारातूनच विचारायचे, "ताई, हप्ता आला का?" नाही म्हटलं की निमूट परत जायचे. पगार लांबला म्हणून पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता थांबत नाही. पगारातून कपात व्हायची ती न झाल्यामुळे वरचं व्याज कामगाराच्याच नावावर चढायचं. पगार उशिरा देणारे आम्ही आणि भुर्दंड त्याला. महागाई भत्ता वाढल्याचा आदेश यायचा, पण फरकाची रक्कम यायची नाही, म्हणून थकबाकीचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागायचं. पगार थेट कोषागारातून द्या, ही नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या संघटनांची कित्येक वर्षांची मागणी या अनुभवातून आलेली आहे. तिच्यात चैन कुठे आहे, हे मला कुणीतरी दाखवावं.

महापालिकांचं थोडं उशिरा झालं, इतकंच. 2010 पासून टप्प्याटप्प्यानं जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्या सगळ्यांना तो माफ झाला. मुंबईची जकात 2017 च्या जीएसटीपर्यंत टिकली. वर्षाला सात हजार कोटींच्या घरातलं ते उत्पन्न होतं. आता राज्य सरकार भरपाई देतं, दरवर्षी 8 टक्के वाढवून. भरपाई मिळते हे खरं, पण स्वतः वसूल केलेला कर आणि दुसऱ्यानं पाठवलेला हप्ता यांत फरक असतो, हे लेखा विभागात बसलेल्या कुणालाही विचारा. हाती उरली ती मुख्यतः मालमत्ता करासारखी साधनं, आणि त्यांवर निवडणुकीचा डोळा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकांची 40 टक्क्यांची सवलत बंद पडली होती, ती 2023 मध्ये परत आली. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा मिळू नये असं मी म्हणत नाही. पण हे निर्णय संघटनांनी घेतलेले नाहीत. 74 व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत 18 विषय नागरी संस्थांसाठी लिहून ठेवले. पाणी, कचरा, रस्ते, दिवाबत्ती, सगळं त्यात आलं. विषय दिले, पण ते पेलण्याइतका कर दिला नाही. उत्पन्न असं आटत गेल्यावर पगाराची टक्केवारी फुगलेली दिसणारच. भागाकार आहे तो. खालचा आकडा लहान झाला की उत्तर मोठं येतं.

आता खर्चाची बाजू, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

आस्थापना खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत असला पाहिजे, अशी शासनाची अट आहे. तो त्याच्या वर गेला की नवीन पदं भरायला मंजुरी मिळत नाही. अट ऐकायला शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात काय होतं? कायम सफाई कामगार निवृत्त होतो, त्याची जागा रिक्त राहते. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात पद असतं, पण त्यावर माणूस नसतो. रस्ता मात्र रोज झाडावाच लागतो, गाडीवर कचरा उचलणारे हात लागतातच. मग निविदा निघते आणि ठेकेदार माणसं पुरवतो. या माणसांचा पगार आस्थापनेत धरला जात नाही. तो स्वच्छतेच्या ठेक्याचा खर्च म्हणून वेगळ्या लेखाशीर्षाखाली जातो. काम तेच, रस्ता तोच, पैसे त्याच तिजोरीतून जातात. तक्त्यात मात्र आस्थापना खर्च घटलेला दिसतो आणि प्रशासनाची पाठ थोपटली जाते. ठेकेदाराचा नफा त्या बिलात असतो, पण तो टक्केवारीच्या चर्चेत कधीच येत नाही. पालिकेचा खर्च कामगारांच्या पगारामुळे वाढतो की आणखी कशामुळे, हे ज्याला खरंच शोधायचं आहे त्यानं आधी हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

ठेकेदाराचं बिल आमच्याकडे तपासणीला यायचं. त्याला हजेरीपत्रक, वेतनवाटपाचा तक्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयची (कामगार विम्याची) चलनं जोडलेली असावी लागतात. हजेरीपत्रकावरची नावं मोजायची, चलनावरची नावं मोजायची. एका बिलात दोन्ही आकडे जुळेनात. हजेरीवर जितकी माणसं होती त्याहून चलनावर बरीच कमी. मी फाइलवर लिहिलं: हजेरी व चलन यांत तफावत, ठेकेदाराचा खुलासा घेऊन बिल सादर करावे. फाइल वर गेली, शेरा आला, "शहर स्वच्छतेची बाब तातडीची असल्याने अदा करावे." बिल निघालं. त्याच सुमारास ठेक्यावरची एक बाई माझ्या टेबलाशी आली. हातातली पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, यात फंडाचे पैसे कापलेत बघा. मग ते जमा कुठं होतात?" चिठ्ठीवर कपात होती. चलनावर तिचं नाव नव्हतं. तिच्या मजुरीतून काढलेला पैसा कुणाच्या तरी खिशात राहिला होता, आणि त्या बिलावर माझी तपासणीची सही होती. मी तिला भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचा पत्ता आणि अर्जाचा नमुना दिला. पुढच्या ठेक्यात ठेकेदार बदलला, बाई त्याच रस्त्यावर त्याच झाडूनं काम करत राहिली.

हे सगळं पैसा नाही म्हणून होतं, असं समजू नका. मुंबई महापालिकेच्या मुदत ठेवी एकेकाळी 90 हजार कोटींच्या वर गेल्या होत्या. तिचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होतं. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेला सफाई कामगारांना कायम करणं परवडत नाही, हे कुणी मला समजावू नये. तरी त्याच महापालिकेत कचरा उचलणाऱ्या 2,700 कंत्राटी कामगारांना कायम होण्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणानं त्यांच्या बाजूनं निवाडा दिला, 7 एप्रिल 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. एवढं होऊनही नावाच्या नोंदी जुळत नाहीत म्हणून शेकडो जण पुढे अडकून पडले. कुणाच्या नावात एक अक्षर वेगळं, कुणाचं आडनाव वेगळं लिहिलेलं. ज्यांची नावं ठेकेदाराच्या कारकुनानं हाताला येतील तशी लिहिली, त्यांच्याकडून पुढे अक्षरा-अक्षराचा पुरावा मागितला गेला. त्या श्रमिक संघानं जे केलं ते खरं संघटनेचं काम. संघाचे नेते मिलिंद रानडे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं त्या माणसांबरोबर उभे राहिले. प्रस्थापित मोठ्या संघटना ज्यांना सभासद करून घेत नव्हत्या, त्यांच्याबरोबर.

कायद्यानंही ही वाट सोपी ठेवलेली नाही. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 किंवा जास्त कामगार असलेल्या ठेक्याला लागू व्हायचा, महाराष्ट्रानं नंतर ती मर्यादा 50 वर नेली. ठेक्याचे तुकडे पाडले की माणसं कायद्याच्या बाहेर. तात्पुरत्या नेमणुकीवरच्याला कायम होण्याचा हक्क नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर तर तात्पुरत्या माणसानं कायम होण्याचं नाव काढलं की तोच निकाल समोर ठेवला जाऊ लागला. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी संस्थांना सुनावलं, की वर्षानुवर्षं नियमित काम करून घ्यायचं आणि उमादेवीचा आधार घेऊन माणसाला बाहेर काढायचं, हे चालणार नाही. मला हा निकाल वाचून बरं वाटलं. पण एकेका कामगारानं दिल्लीपर्यंत जायचं, ही काही व्यवस्था नव्हे.

सफाईचं काम कोण करतं, हे न बोलता हा वाद पुरा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935 मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला. पालिकेच्या झाडू-मैल्याच्या कामावर कुठल्या जातींची माणसं होती, हे ते जाणून होते. या कामगारांना पगारी रजा, फंड, राहायला चाळ, आजारपणात औषध मिळणं ही त्यांच्यासाठी माणूस म्हणून मोजलं जाण्याची सुरुवात होती. पुढे सफाई कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींतून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळू लागली. बाहेरची माणसं याला "वारसा हक्कानं सरकारी नोकरी" म्हणून नाकं मुरडतात. मला या नियमाकडे बघून दोन्ही वाटतं. घर चालवणारा माणूस पन्नाशीत फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला, तर पालिकेच्या चाळीतली खोली आणि घराचा पगार त्या नोकरीमुळे टिकतो. मी अशी घरं पाहिली आहेत, त्यांना दुसरा आधार नव्हता. पण त्याच नियमानं बी.ए. झालेल्या मुलीच्या हातातही बापाचा झाडूच येतो. संघटनांनी नोकरीचा वारसा लढून मिळवला. त्या मुलीला पालिकेतच लिपिकाच्या, आरोग्य निरीक्षकाच्या जागी घ्या, यासाठी त्या तितक्या तळमळीनं लढल्या असत्या तर मला अभिमान वाटला असता.

गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना 30 लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. आधी ही रक्कम 10 लाख होती. असे मृत्यू झाल्याच्या बातम्या वाचताना मी एक शब्द शोधते आणि तो बहुतेक वेळा सापडतो: कंत्राटी. जोखमीचं काम ठेक्यावर गेलं की अपघाताची जबाबदारीही ठेक्यावर जाते.

आता आपल्या घरातलं बोलते. संघटनेच्या सभेत हे बोलले तेव्हा काहींना आवडलं नव्हतं.

कायम कामगारांच्या जागी पैसे देऊन दुसऱ्याला पाठवणारी मंडळी आहेत, हे प्रत्येक हजेरी शेडला माहीत असतं. पाच-सहा हजारांवर एखादा गरजू पोरगा झाडू मारतो आणि मस्टरवर सही दुसऱ्याची. अशा माणसावर कारवाई झाली की संघटनेचा पदाधिकारी साहेबांकडे जाऊन बसतो. त्या पोराची बाजू घ्यायला कुणी जात नाही. असला एक माणूस वाचवताना बाकी शंभर प्रामाणिक कामगारांची पत जाते, आणि शहरातल्या लोकांच्या मनात "युनियनवाले" ही शिवी तयार होते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर सुमारे 17 लाख सरकारी-निमसरकारी कर्मचारी संपावर गेले. 14 तारखेला सुरू झालेला संप 20 ला मागे घेतला गेला. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना म्हातारपणी बाजाराच्या भरवशावर सोडलं होतं, ही तक्रार खरी होती आणि मी तिच्या पाठीशी आहे. पण त्या मांडवांत ठेक्यावरच्या कामगाराच्या फंडाबद्दल कोण बोललं? दिवाळीला मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना 2024 मध्ये 29 हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झालं. आनंद आहे. शेजारीच कचऱ्याच्या गाडीवर उभ्या असलेल्या ठेक्यावरच्या पोराच्या हातात त्यातलं काय पडलं, हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर गेला का?

मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टमध्ये याचं फळ दिसलं. जानेवारी 2019 मध्ये नऊ दिवसांचा संप झाला. बेस्टचं अंदाजपत्रक महापालिकेच्या अंदाजपत्रकात विलीन करा, ही त्यातली एक मोठी मागणी होती, आणि ती योग्य होती. बस ही शहराची सेवा आहे, नफ्याचा धंदा नव्हे. पण त्यानंतर भाडेतत्त्वावरच्या खाजगी बस वाढत गेल्या आणि चालक ठेकेदाराचे झाले. ऑगस्ट 2023 मध्ये या कंत्राटी चालकांनीच पगारासाठी गाड्या उभ्या केल्या. 2019 च्या संपात एका हाकेवर सगळी मुंबई थांबवण्याची जी ताकद होती, ती चार वर्षांत दोन तुकड्यांत वाटली गेली होती. कायम माणूस निवृत्त होत जातो, ठेक्यावरचा वाढत जातो. सभासदांची यादी दरवर्षी लहान होते. कायम कामगारांचीच संघटना राहायचं ठरवलं तर तिचा शेवट निवृत्तीच्या तारखांच्या यादीत आत्ताच वाचता येईल.

2025 च्या मध्याला मुंबईत कचरा संकलन आणि वाहतुकीचं सुमारे चार हजार कोटींचं कंत्राट काढण्याचा बेत झाला, तेव्हा सगळ्या संघटना एकत्र आल्या आणि संपाच्या तयारीपर्यंत गेल्या. ही एकजूट आधी का झाली नाही, याची हळहळ वाटते. झाली याचा आनंदही आहे.

न्यूयॉर्कची एक हकिगत मला नेहमी सांगावीशी वाटते. 1975 मध्ये ते शहर दिवाळखोरीच्या तोंडाशी होतं. 17 ऑक्टोबरला देणी भागवायला पैसा नव्हता. शेवटच्या तासांत शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर राजी झाले आणि शिक्षकांच्या पेन्शन फंडातून 15 कोटी डॉलरचे रोखे घेतले गेले. शहर वाचलं. त्याआधी आणि नंतर हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, पगारवाढी गोठल्या, त्यामुळे ही काही गोड गोष्ट नाही. पण शहराच्या जमाखर्चाच्या टेबलावर संघटना बसली होती, कागद वाचत होती आणि निर्णयात तिचा हात होता. आपल्याकडे संघटना अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडते ते बोनसचा आकडा बघायला. ठेक्यांची पानं कुणी उलटत नाही.

पुण्यात मात्र कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं 1993 पासून कचरावेचक बायांना संघटित केलं, आणि पुढे स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. ठेकेदार मध्ये नाही. करार वाढवून घेताना त्यांनाही दर वेळी झगडावं लागतं. तरी कष्ट करणारीच कराराच्या टेबलावर बसू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं.

तुम्ही नागरिक असा वा संघटनेचे सभासद, आपल्या पालिकेत 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा एक अर्ज करा. त्यात तीनच गोष्टी मागा. आकृतिबंधानुसार सफाई कामगारांची मंजूर पदं किती आणि रिक्त किती. गेल्या तीन वर्षांत स्वच्छतेच्या ठेक्यांवर झालेला खर्च, लेखाशीर्षानिहाय. आणि त्या ठेकेदारांच्या बिलांना जोडलेली हजेरीपत्रकं व भविष्यनिर्वाह निधीची चलनं, महिनावार. तिसऱ्या मागणीला टाळाटाळ होईल. त्रयस्थ पक्षाची माहिती म्हणून नाकारतील, मग पहिलं अपील करा. चलनं हाती आली की हजेरीवरची नावं आणि चलनावरची नावं मोजा, आणि जी नावं जुळत नाहीत त्यांची यादी संघटनेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.